‘बोलन सावकाश’ म्हणता म्हणता

दिवाळीच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात असते. दारव्हा तालुक्यात अडाण नदीच्या काठी वसलेल्या बोरी अरबच्या शिवारातही हे दिवस बाईच्या हाताला उसंत न देणारे. घरातले तान्हे अशा वेळी आजीपाशी राहते, नाही तर थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि जरा मोठे असले की अंगणवाडीत. हाक मारली की ते मान वळवते का, खुळखुळा दोन्ही हातांनी धरते का, बसवल्यावर एकाच अंगावर कलंडते का, हे सगळ्यांत आधी दिसते ते त्या घराला. डॉक्टरच्या टेबलावर लेकरू येते ते फार तर पाच मिनिटांसाठी, आणि तेवढा वेळ ते बहुधा रडतच असते.

घराला दिसते आणि आईला शंकाही येते. ती बोलून दाखवली की वऱ्हाडातल्या घराघरांत ठरलेली उत्तरे मिळतात. “त्याचा बाप बी उशिराच बोलला व्हता.” “अंगानं जड हाये, चालन हळूहळू.” “पोट्टे उशिराच बोलतात.” ही उत्तरे मायेपोटी दिलेली असतात आणि पुष्कळदा खरीही ठरतात. पण जेव्हा ती खरी ठरत नाहीत, तेव्हा मधली वर्ष-दोन वर्षे हातची जातात. बहिरेपण, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, थायरॉइडची उणीव, सिकलसेल या सगळ्यांत पहिल्या दोन-तीन वर्षांत जे साधते, ते पुढे तितक्याच कष्टात साधत नाही. म्हणून आईची शंका आणि पहिली तपासणी यांच्यामधला काळ कमी करणे, हेच बालपणीच्या विकारांविरुद्धचे सर्वांत मोठे काम आहे. या कामासाठी लागणारी बरीचशी व्यवस्था महाराष्ट्रात कागदावर आणि काही अंशी जमिनीवरही उभी आहे. तिचा वापर कसा करायचा, हे मात्र फार थोड्या घरांना ठाऊक असते.

दहा घरांतली गोष्ट

अशी मुले विरळाच, असा एक समज असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीने तो मोडून काढला. हिमाचलातील कांगडा, हरियाणातील पलवल, ओडिशातील ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाची ३,९६४ मुले घरोघरी जाऊन तपासली गेली. दृष्टिदोष, श्रवणदोष, मेंदूचा पक्षाघात, अपस्मार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, भाषेच्या अडचणी आणि मोठ्या मुलांत अतिचंचलता व अध्ययन अक्षमता असे विकार त्यात शोधले होते. सहा वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ठिकाणागणिक सुमारे ३ टक्क्यांपासून जवळजवळ १९ टक्क्यांपर्यंत निघाले. सगळी ठिकाणे मिळून अंदाज बांधला, तेव्हा तो लहानांत ९ टक्क्यांच्या आसपास आणि ६ ते ९ वयोगटात १३ टक्क्यांच्या वर गेला.

याच पाहणीत कारणांच्या बाजूने जे हाती लागले, ते खेड्यातल्या कोणत्याही सुईणीला किंवा आशाताईला ओळखीचे वाटेल. घरी झालेले बाळंतपण, जन्मल्यावर उशिरा रडलेले बाळ, कमी वजन किंवा अपुरे दिवस, पहिल्या महिन्यात दवाखान्यात ठेवावे लागलेले आजारपण, मेंदूपर्यंत गेलेला ताप, खुंटलेली उंची. यांतल्या बऱ्याच गोष्टी टाळता येतात. ज्या टळल्या नाहीत, त्या निदान घराला आधीच सावध करतात: या बाळाकडे जास्त लक्ष ठेवा.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच लक्ष वर्षानुवर्षे ठेवले. १९८७पासून जन्मलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा एक गट त्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत तपासत नेला. ही मुले बहुतांशी नीट वाढली, पण बुद्ध्यंकात सोबतच्या मुलांच्या थोडी मागे राहिली, आणि शाळेत गेल्यावर काहींची अडचण गणितात उघड झाली. त्यांच्या प्रगतीवर आईच्या शिक्षणाचा मोठा प्रभाव दिसला. लहान जन्मलेल्या बाळाचे भवितव्य केवळ वजनकाट्यावर ठरत नाही. घर त्याच्याशी कसे वागते, यावरही ते ठरते.

टप्पा केव्हा, उशीर केव्हा

आजीचे “होईन सावकाश” पूर्ण चुकीचे नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांतूनही दिसते. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या देशांतल्या निरोगी मुलांवरून संघटनेने २००६ साली हालचालींच्या सहा टप्प्यांची वये जाहीर केली. निरोगी मूल आधाराशिवाय बसू लागते ते ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान. एकटे चालू लागते ते ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे शेजारचे पोर दहाव्या महिन्यात चालले आणि आपले पंधराव्या महिन्यात, तरी दोघेही ठीक असू शकतात. सुमारे ४ टक्के मुले तर रांगलीच नाहीत. ती सरळ उभी राहिली.

पण प्रत्येक टप्प्याला एक शेवटची मुदत असते. ती उलटली की वाट पाहण्यात शहाणपण नाही. भारतीय बाळांच्या बाबतीत या मुदती मोजण्याचे मूलभूत काम बडोद्यात प्रमिला फाटक यांनी केले. तिथल्या बाळांच्या निरीक्षणांतून पुढे जी मोजपट्टी तयार झाली, तिची सुधारित आवृत्ती १९९७ साली पुण्यातून प्रसिद्ध झाली. तीत हालचालींचे ६७ आणि बुद्धीच्या वाढीचे १६३ निकष आहेत. आजही भारतातील बालविकास केंद्रांत ‘डासी’ या नावाने ती वापरली जाते.

गावातल्या आईला एवढी मोठी मोजपट्टी लागत नाही. तिच्यासाठी थोड्या खुणा पुरतात. तीन महिने झाले तरी बाळ आईकडे पाहून हसत नसेल. चार-पाच महिन्यांनीही मान सावरत नसेल. नऊ महिने उलटून गेले तरी बसत नसेल. वर्षाचे झाले तरी ‘बाबाबा, दादादा’ असा बडबडीचा सूर नाही, बोट दाखवणे नाही, टाटा करणे नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही. अठरा महिने झाले आणि चालणे नाही. दोन वर्षांचे झाले आणि ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडता येत नाहीत. यांतली एक खूण दिसली तरी तपासणी करून घ्यावी.

दोन खुणा घरात हमखास चुकीच्या अर्थाने घेतल्या जातात. वर्षाच्या आतले बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने उचलत असेल, तर ‘डावखुरं होणार’ म्हणून कौतुक होते. पण इतक्या लहान वयात दोन्ही हात सारखेच वापरात असायला हवेत, त्यामुळे दुसरा हात दुबळा तर नाही ना, हे पाहावे लागते. दुसरी खूण जास्त गंभीर. आधी येत असलेले काही मूल विसरू लागले, म्हणजे शब्द गेले, नजरेला नजर देणे थांबले, हसणे आटले, तर ते कोणत्याही वयात तातडीने दाखवायला हवे. ‘नजर लागली’ म्हणून उतारा टाकण्यात गेलेले महिने अशा मुलाला परत मिळत नाहीत.

जन्मताच दिसणारे आणि न दिसणारे

काही गोष्टी पहिल्याच दिवशी डोळ्यांना दिसतात. दुभंगलेला ओठ, आत वळलेली पावले, पाठीवरची गाठ. वळलेल्या पावलांचे उदाहरण मोठे आशादायक आहे. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. इग्नासिओ पोनसेटी यांनी रुजवलेल्या पद्धतीत दर आठवड्याला हळुवार वळण देत प्लास्टर बदलतात. साधारण पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होते. बहुतेकदा टाचेमागच्या शिरेवर एक छोटासा छेद द्यावा लागतो, मोठे ऑपरेशन लागत नाही. मात्र त्यानंतर विशेष बूट घालावे लागतात, आधी जवळजवळ दिवसभर आणि मग चार वर्षांचे होईपर्यंत रात्री झोपताना. पाय सरळ दिसू लागला की घरचे बूट बंद करतात आणि पाय पुन्हा वळतो. उपचार अर्धवट राहण्याचे हे फार मोठे कारण आहे.

काही गोष्टी मात्र दिसतच नाहीत. बहिरे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, आवाज काढते. ताट आपटल्यावर दचकले म्हणून घरचे निर्धास्त होतात. ते कदाचित जमिनीच्या हादऱ्याने किंवा हलत्या सावलीने दचकलेले असते. वर्ष-दीड वर्षाने ‘बोलत कसं नाही’ असा प्रश्न पडतो, तोवर भाषा शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळ शांततेत गेलेला असतो. म्हणून कानांसाठी जगभर एक, तीन, सहा असा क्रम मानतात. महिनाभरात चाळणी तपासणी, तीन महिन्यांपर्यंत पक्के निदान, सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र किंवा पुढचे उपचार. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून होणारी ‘ओएई’ चाचणी काही मिनिटांची असते आणि दुखत नाही.

फार आधी जन्मलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी साधारण पहिल्या महिन्याच्या आत व्हावी लागते. पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू लागल्या तर लेसरने त्या रोखता येतात. पण वेळ गेली तर अंधत्व येते, आणि बाहेरून डोळे छान काळेभोर दिसत असतात.

थायरॉइडच्या उणिवेने तर कौतुकच वाट्याला येते. ‘किती शहाणं बाळ, रडतच नाही, झोपून राहतं.’ लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, फुगलेली बेंबी, जाडसर जीभ ही लक्षणे कळेपर्यंत बुद्धीचे नुकसान सुरू झालेले असते. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर हा विकार ओळखता येतो. पहिल्या दोन आठवड्यांत स्वस्तातली गोळी सुरू झाली, तर मूल इतरांसारखेच वाढू शकते. गोव्याने २००८ साली नवजात बाळांच्या अशा रक्तचाचण्या राज्यपातळीवर सुरू केल्या होत्या. हजाराच्या आसपास बाळांत एकाला होणाऱ्या या विकारासाठी महाराष्ट्रातही प्रत्येक बाळाची टाच टोचली जाणे, ही फार मोठी मागणी नाही.

सुजलेली बोटे

यवतमाळात लहान मुलांच्या आजारांविषयी बोलताना सिकलसेल टाळून चालत नाही. विदर्भातल्या गोंड, परधान यांसारख्या आदिवासी समाजांत आणि अनुसूचित जातींतही हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली निलगिरीत, आणि त्याच दशकात नागपुरातूनही त्याच्या नोंदी आल्या.

जन्मल्यावर काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते, त्यामुळे आजार लपून राहतो. सहा महिन्यांनंतर तो डोके वर काढतो, आणि पुष्कळदा त्याचे पहिले चिन्ह असते हातापायांची सुजलेली, दुखरी बोटे. बाळ हात लावू देत नाही, किरकिरते, फिकट दिसते. घरात वाटते, काही चावले असेल. सूज उतरते आणि विषय मिटतो. वारंवार ताप, डोळ्यांत पिवळेपणा, पोटात डाव्या बाजूला वाढणारी प्लीहा या पुढच्या खुणा. अशा मुलाला साधा दिसणारा तापही जिवावर बेतू शकतो. निदान वेळेत झाले तर पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, न्यूमोकोकलसह सगळ्या लसी, फॉलिक अॅसिड, आणि गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया, एवढ्यावर मुलाचे आयुष्य खूप बदलते.

आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून गरोदरपणातच दोघांचे रक्त तपासणे सर्वांत सोयीचे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. घरातल्या एकाचा अहवाल ‘वाहक’ असा आला की बाकीच्यांनीही तपासून घ्यावे. यात लाजण्यासारखे काही नाही आणि सुनेच्या माथी मारण्यासारखे तर मुळीच नाही, कारण बाळाला आजार व्हायला दोघांकडूनही जनुक यावा लागतो.

पालघरहून निघालेली तपासणी

लहान मुलांची सरसकट तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम महाराष्ट्राच्याच भूमीवरून, पालघरहून, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतले जन्मजात दोष, पोषणाच्या उणिवा, बालपणीचे आजार आणि विकासातली दिरंगाई अशा चार गटांतले तीस विकार त्यात शोधायचे असतात. एका फिरत्या पथकात एक पुरुष आणि एक स्त्री असे आयुषचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. सहा आठवड्यांपर्यंतच्या बाळांची पाहणी प्रसूतीच्या ठिकाणी आणि आशाताईंच्या गृहभेटींत होते.

या गृहभेटींचे मूळही विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या साध्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे काम छापून आले आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात उतरले. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा सहा आठवड्यांत सहा वेळा जाते. २०१८पासून त्यापुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांच्या वयाला आणखी पाच भेटी ठरल्या आहेत. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाच्या आलेखासोबत वाढीचे टप्पेही चित्रांनी दाखवलेले असतात. दुर्दैवाने पुष्कळ घरांत हे कार्ड लसीच्या तारखेपुरतेच बाहेर येते.

यवतमाळातला ‘आरंभ’

२०१८च्या सुमारास महाराष्ट्रात एक वेगळा प्रयोग सुरू झाला, आणि त्यासाठी निवडलेल्या पहिल्या दोन जिल्ह्यांपैकी एक यवतमाळ होता, दुसरा तेव्हाचा औरंगाबाद. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, युनिसेफ आणि राज्याची एकात्मिक बालविकास सेवा योजना यांनी मिळून चालवलेल्या या उपक्रमाचे नाव ‘आरंभ’. गर्भारपणापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळाशी घरात कसे बोलावे, खेळावे, त्याच्या हुंकाराला प्रतिसाद कसा द्यावा, हे अंगणवाडी सेविकांनी गृहभेटींतून आणि पालकांच्या बैठकांतून सांगायचे. गावोगावी पालक मेळावे भरू लागले. आईबरोबर बाप आणि आजी-आजोबाही तिथे यावेत, यावर भर होता.

विकारांच्या ओळखीशी याचा थेट संबंध आहे. तीन वर्षांखालचे मूल अंगणवाडीत नियमित बसत नाही. ते घरीच असते. सेविका त्याच्या घरी जाते, आईला त्याच्याशी खेळायला सांगते, तेव्हा न खेळणारे, न वळणारे, न पकडणारे मूल दोघींच्या नजरेत येते. बापाला घरातच हे दिसले की आईची शंका एकटी पडत नाही. दवाखान्याला न्यायचे भाडे आणि बुडणारी मजुरी यांचा निर्णय घरात बहुधा तोच घेतो, म्हणून त्याचे मेळाव्यात असणे महत्त्वाचे. दोन जिल्ह्यांतला हा प्रयत्न पुढे राज्यभर नेण्यात आला.

मागे पडलेले प्रत्येक मूल अपंग नसते, हेही याच भेटींत कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, आणि पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची खुंटलेली होती. रक्त कमी असलेले मूल मलूल असते, खेळत नाही, म्हणून शिकतही नाही. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलेल्या मुलाला आधी अन्न आणि उपचार हवेत. विकासाची तपासणी त्याबरोबरच चालू ठेवता येते.

चिठ्ठीच्या पुढे

पथकाने मूल हेरले की चिठ्ठी मिळते. पुढचा पल्ला जिल्ह्याच्या ठिकाणचा. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण-वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक हे सगळे एका छताखाली असावेत, यासाठी या कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची रचना आहे. यवतमाळ शहरात १९८९ साली स्थापन झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने बालरोग, कान-नाक-घसा, नेत्र आणि अस्थिरोग या विभागांसाठी नागपूरच गाठावे लागते, असे नाही.

खरी कसोटी असते पुन्हा पुन्हा जाण्याची. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलाला व्यायाम रोज लागतो, वाचा-उपचार आठवड्यागणिक लागतो. वेचणीच्या दिवसांत एक खेप म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मूल येत नाही आणि नोंदवहीत ‘संदर्भित’ हा शेरा तेवढा राहतो. उपचार गावाजवळ आणणे, व्यायाम आईला आणि सेविकेला शिकवून घरीच करून घेणे, आणि चिठ्ठी दिलेले प्रत्येक मूल पोहोचले की नाही हे विचारणारे माणूस नेमणे, या तीन गोष्टींशिवाय तपासणीचे आकडे कितीही वाढले तरी मुलाला त्याचा उपयोग नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. तीत सेविकेने प्राथमिक खुणा ओळखायच्या, मुलाला इतरांसोबत सामावून घ्यायचे आणि आशा व तपासणी पथकामार्फत पुढे पाठवायचे, असे टप्पे दिले आहेत. तुटपुंज्या मानधनावर नोंदण्या, आहार आणि ऑनलाइन माहिती सांभाळणाऱ्या सेविकेला त्यासाठी प्रशिक्षण आणि वेळ दोन्ही द्यावे लागतील.

निदान पक्के झाले की हक्कही सुरू होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि सिकलसेल हेही त्यांत आले. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळाले की शिष्यवृत्ती, श्रवणयंत्रासारखी साधने, प्रवासातली सवलत यांचे दरवाजे उघडतात. प्रमाणपत्र घेतले तर मुलावर शिक्का बसेल, या भीतीने पुष्कळ पालक वर्षे घालवतात, आणि साधने मिळायची तीही राहून जातात.

ज्या घराला आज शंका आहे, त्याने उद्याच करण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत. माता-बाल संरक्षण कार्ड काढून मुलाच्या वयाचे चित्र पाहावे. जे येत नाही ते तारखेसह लिहून ठेवावे. मोबाइलवर मुलाचे खेळणे, चालणे, झटका आल्यास तोही, अर्धा मिनिट टिपून ठेवावे, कारण डॉक्टरांसमोर ते दिसेलच असे नाही. अंगणवाडी सेविकेला तपासणी पथकाच्या पुढच्या भेटीची तारीख विचारावी, आणि ती लांब असेल तर थांबू नये, आशाताईंना घेऊन थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ‘बघू सहा महिन्यांनी’ असे उत्तर मिळाले, तर कोणत्या तारखेला, कोणाकडे, आणि तोवर घरी काय करायचे, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे कार्डावर लिहून घ्यावीत. बोलत नसलेल्या मुलाची कानांची तपासणी मात्र त्याच आठवड्यात मागावी.